चार बोटे घडी

मराठी माणूस भांडायला उभा राहिला म्हणजे प्रथम बाह्या सरसावतो, आणि भांडण बहुधा तेवढ्यावरच मिटते. परंतु ज्यांचा धंदाच लढण्याचा, त्यांच्या बाह्या मात्र वरिष्ठांच्या लेखी मंजुरीवाचून कोपराच्या वर सरकत नाहीत, हे ज्ञान मला आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडून झाले.

त्यांनी सांगितलेली हकीकत अमेरिकेच्या मरीन दलाची. या दलाच्या प्रमुखांनी, जनरल एमॉस यांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये फर्मान काढले की, रणांगणावर बाह्या खाली असतात तशा त्या छावणीतही बारमाही खालीच असाव्यात. युद्ध, उपासमार आणि बदली निमूटपणे सोसणारे ते लोक या एका हुकुमाने असे काही व्यथित झाले की, अखेर मार्च २०१४ मध्ये त्याच दलप्रमुखांना बाह्या पुन्हा बहाल कराव्या लागल्या. मरीनांचे म्हणणे असे की, आमची घडी कापडाची फिकी, उलटी बाजू बाहेर ठेवून घातलेली असते, आणि त्यावरूनच आम्ही साधे पायदळ नव्हे हे लांबून ओळखू येते. साध्या पायदळाचेही, म्हणजे अमेरिकेच्या भूदलाचे, दुःख निराळे नव्हते. तेथे जून २०१६ मध्ये भूदलप्रमुख जनरल मिली यांनी फोर्ट हूड येथे दहा दिवसांची चाचणी घेऊन मगच सर्वांस परवानगी दिली. कापूस पिंजावा तितक्या बारकाईने बाहीचा विचार करणाऱ्या सरकारविषयी मला आदर वाटतो.

उकाडा, टापटीप, परंपरा ही कारणे शिपाई तोंडाने सांगतात. खरे कारण दंडात असते. घट्ट घडी दंडाला आवळून बसली म्हणजे त्यातून जो पुष्ट गोळा वर येतो, तो दिसावा एवढ्यासाठी हा सारा खटाटोप, असे माझे नम्र परंतु पूर्वग्रहदूषित मत आहे. पूर्वग्रहाचे मूळ कॉलेजातील एन.सी.सी.त आहे. परेडच्या आदल्या रात्री खाकी सदरा भाताच्या पेजेत बुडवून, वाळवून, कोळशाच्या इस्त्रीखाली असा पत्र्यासारखा ताठ करावयाचा की, तो भिंतीला टेकून स्वतःच्या हिमतीवर उभा राहावा. मग बाही उलटून काखेपर्यंत न्यायची, नंतर खालच्या टोकापासून चार बोटांच्या पट्टीने घड्या घालीत वर न्यावयाची, आणि शेवटी कफ खाली ओढून सारे झाकावयाचे. माझी घडी निर्दोष होती. दोष होता तो आतल्या हाताचा. त्या ताठ वर्तुळात तो घंटेतल्या लोलकाप्रमाणे झुले. कवायतीच्या उस्तादांनी बाहीत दोन बोटे घातली, ती चहूकडे फिरवली, आणि काही न बोलता ते पुढच्या मुलाकडे वळले. त्या दिवसापासून मी बाह्या खाली सोडणाऱ्या पक्षात आहे.

आमच्या पक्षाला आधार नाही असे मात्र कोणी समजू नये. सुभेदारांचे वडील मराठा पलटणीतून ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. तेथे १९४३ साली एकट्या हिवतापाने वर्षाकाठी सैन्याच्या शेकडा ८४ माणसांना गाठले, तेव्हा दिवस मावळला की बाह्या खाली आणि गुंड्या बंद, हा शिरस्ता पडला. शिवाय कातडी पिवळी करणारी मेपाक्रीनची गोळी रोज घ्यावयाची. ती शिपाई खरोखरच गिळतात की नाही याची अकस्मात तपासणी होई, आणि कसूर आढळली म्हणून तेथील सेनापती जनरल स्लिमने तीन पलटणप्रमुख बरखास्त केले. अस्तनीतला निखारा आपण ऐकून असतो. तेथे अस्तनीबाहेरचा डास अधिक घातक ठरला.

"ते सगळं खरं," सुभेदार म्हणतात, "पण मास्तर, बाही वर असली की माणूस काम करतो, खाली असली की सही करतो." मी जन्मभर सह्याच केल्या असल्यामुळे गप्प बसतो.

परवा गल्लीतल्या सत्यनारायणाच्या जेवणावळीत माझ्या हाती आमटीचे भांडे आले. "थांबा, बाही भिजेल," म्हणून सुभेदार पुढे झाले. गुंडी सोडून त्यांनी चार बोटे मोजून पहिली घडी घातली, दुसरी घातली, तिसरीला त्यांची नजर माझ्या दंडावर गेली. क्षणभर ते थांबले. मग एकेक घडी सावकाश उलगडून त्यांनी बाही मनगटापर्यंत खाली आणली, गुंडी लावली, आणि आमटीचे भांडे माझ्या हातून काढून घेत म्हणाले, "तुम्ही मीठ वाढा."