जिभेचं हाड

जिभेला हाड नसतं म्हणतात. मराठी बोलत असेपर्यंत ते खरंच आहे. हिंदी बोलायची वेळ आली की कुठून तरी हाड उगवतं आणि नेमकं आडवं येतं.

आमचं टोकावडे कल्याण-नगर रस्त्यावर. पावसाळ्यात माळशेजचे धबधबे बघायला निघालेली मुंबई-ठाण्याची मंडळी इथे चहा-भजीला थांबतात. गाडीतून उतरलेला गृहस्थ विचारतो, "भाईसाब, भजी गरम है क्या?" टपरीवाला झारा कढईवर आपटत म्हणतो, "एकदम गरम, अभीच काढेला है. कांद्याचा भी है, बटाट्याचा भी है." गृहस्थ म्हणतो, "मिरची थोडी जास्ती देना." इथेच दोघांच्या पत्रिका जुळलेल्या असतात, तरी दोघंही नेटाने राष्ट्रीय एकात्मता सांभाळतात. शेवटी सुट्ट्यावरून अडतं. गृहस्थ गाडीकडे वळून ओरडतो, "अगं, दहा रुपये सुटे आहेत का?" टपरीवाला जीभ चावतो. "मग आधी बोलायचं ना दादा!"

इंग्रजीचा थाट निराळा. ती आपल्याकडे नुसती बोलत नाहीत, झाडतात नाहीतर फाडतात. मुरबाडला कॉलेजात जाणारा पोरगा लग्नाच्या मांडवात चार वाक्यं फाडफाड बोलला, की म्हाताऱ्या त्याच्या आईला म्हणतात, "नशीब काढलंस गं!" तो काय बोलला, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर पोराचा भाव उतरायचा.

त्याच टपरीवर पाणी भरणारा एक कातकरी तरुण आहे. घरी कातकरी, गिऱ्हाइकाशी मराठी, पर्यटकांशी हिंदी, आणि भिवंडीकडे वीटभट्टीवर राहून आल्यामुळे आगरीसुद्धा. ग्रियर्सनसाहेबाच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात मराठीच्या पंगतीत कातकरीही बसली आहे. नमुन्यासाठी साहेबाने बोलीबोलींतून बायबलमधली उधळ्या पोराची गोष्ट वदवून घेतली होती. कातकऱ्यांकडे उधळायला काय होतं, देव जाणे! पण निदान दप्तरी नोंद तरी झाली. आमच्याकडे 'पोरगा फाडफाड कातकरी बोलतो' असं अजून कोणी कौतुकाने म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. चार बोली तोंडात असूनही त्याला 'अडाणी आहे बिचारा' म्हणतात. म्हणणाऱ्याच्या जिभेला मात्र तेव्हा हाड नसतं.

परवा गॉगलवाल्या एकाने त्याला गमतीनं विचारलं, "इंग्लिश आता है?"

"थोडा थोडा," तो हंडा खाली ठेवत म्हणाला. "तुमको कातकरी आता है?"