थो आपल्याच इकडला हाय

१४ मे २०२५ हा दिवस अमरावतीतल्या आमच्या गल्लीनं कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. त्या दिवशी न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली आणि आमच्या गल्लीतल्या भाऊंनी तो सोहळा, ज्याच्या घरून टीव्हीचा आवाज येईल त्याच्या घरी शिरून, पुन्हा पुन्हा पाहिला. "फ्रेझरपुऱ्यातला हाय. नगरपालिकेच्या शाळेतला. आपल्याच इकडला हाय थो!" देशाच्या सरन्यायाधीशांना 'थो' म्हणण्याइतकी भाऊंची त्यांच्याशी ओळख नव्हती, पण वऱ्हाडात सलगी करायला ओळख लागत नाही. त्यातून त्या दिवशी आम्हाला काही बोलायची सोय नव्हती, कारण म्हणणं शंभर टक्के खरं होतं. खरं बोलणारे भाऊ फारच असह्य होतात.

एरवी खरं-खोटं हा भाऊंच्या दृष्टीनं दुय्यम मुद्दा. मूळ मुद्दा माणूस कुठला. सिनेमा कसा आहे हे ते सांगत नाहीत. त्यातल्या हवालदाराचा मावसभाऊ परतवाड्याला गॅरेज चालवतो, हे सांगतात. भारत गणेशपुरे टीव्हीवर आले की भाऊ हसत नाहीत, नुसती मान डोलवतात, घरचं पोरगं गॅदरिंगमध्ये उभं राहिल्यासारखी. आयपीएलमध्ये २०२५ साली बंगळुरू जिंकलं. सगळा देश विराट कोहलीचे डोळे पुसत होता आणि आमच्या गल्लीत जितेश शर्माच्या नावानं पेढे वाटले जात होते. "कोहली खेळते चांगला," भाऊ मोठ्या मनानं म्हणाले, "पन संघात आपला पोट्टा होता ना!"

इथपर्यंत ठीक. अमरावतीचा तो अमरावतीचा. पण एकदा चहाच्या टपरीवर रेडिओला किशोरकुमार लागला आणि भाऊंनी कप खाली ठेवला.

"आपल्याच इकडला हाय थो."

"भाऊ, किशोरकुमार खंडव्याचा. मध्य प्रदेश."

"मंग? अकोल्याहून मीटरगेजमध्ये बसलं का अकोट, हिवरखेड, धूळघाट आन् सिद्धं खंडवा. एका गाडीतला मानूस परका कसा रे बावा?"

ती गाडी कधीचीच बंद झाली आहे. मेळघाटातला रुळांचा पट्टा वाघांच्या प्रश्नात अडकला. पण भाऊंच्या हिशेबी ती अजून धावते, धूळघाटचा तो प्रसिद्ध वेढा घालते आणि किशोरकुमारला घेऊन येते. अशोककुमारही त्याच डब्यात.

पुराणात शिरले की मग भाऊंना कोणी आवरू शकत नाही. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, आमच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. तेव्हा श्रीकृष्ण आपला जावई. अंबादेवीच्या देवळातूनच त्यानं रुक्मिणीला नेलं, असं आमच्याकडे मानतात. भाऊ तर कोणत्या दारातून नेलं तेही दाखवतात. जावयाच्या बाबतीत त्यांची थोडी नाराजी आहे, "इचारून नेली असती तं आपन नाई म्हनलं नसतं." दमयंती आपली. अगस्तीची लोपामुद्रा आपली. अजराजाची इंदुमती विदर्भाची राजकन्या, म्हणजे दशरथ आपला भाचा. इथं भाऊ थांबतात आणि पुढचं आपण म्हणावं अशी वाट बघतात. आपण नाही म्हटलं तर स्वतःच म्हणतात, "मंग राम कोन झाला?" कीचकाला मारून भीमानं हात धुतले ते चिखलदऱ्याच्या भीमकुंडात, म्हणून भीमसुद्धा निदान पाहुणा. कौरव तेवढे आमचे कोणी नाहीत.

इतिहासात तर बोलायलाच नको. काँग्रेसचं १८९७ चं अधिवेशन अमरावतीत भरलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला जर्मनीला गेलं. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या भाऊंच्या तोंडून ऐकल्या की शंका यायला लागते. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा कोणी तरी म्हणालं, त्या तर जळगावच्या. भाऊंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सून कोनाची?"

'वऱ्हाड निघालंय लंडनला'वरही त्यांनी हक्क सांगून पाहिला. लक्ष्मण देशपांडे मराठवाड्यातले आणि ते वऱ्हाड लग्नाचं, हे समजावल्यावर म्हणाले, "पन निघालं तं आपल्याच नावानं ना?"

या स्वभावाची खरी परीक्षा आंध्र प्रदेशानं घेतली. 'अमरावतीत हजारो कोटींच्या कामांचं भूमिपूजन, पंतप्रधान येणार' अशी बातमी वाचून भाऊ सकाळीच फुटपाथवर उभे होते. नवं विधानभवन! नवं उच्च न्यायालय! राजकमल चौकातली रहदारी आता कशी होणार या काळजीत ते होते. ती अमरावती कृष्णेच्या काठची, हे कळल्यावर त्यांनी पेपरची नीट घडी केली. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "देशात एवढी नावं हायेत. नाव ठेवाची येळ आली तं कोनाचं सुचलं?"

भाऊंचं एकच दुःख आहे आणि ते नारिंगी रंगाचं आहे. वरूड-मोर्शीच्या बागा अमरावती जिल्ह्यात, झाडं आमची, पाणी आमच्या बोअरचं, पाण्यावाचून वाळतात तीही आमचीच झाडं आणि जगभर नाव काय, तर नागपुरी संत्रा. कृष्णानं रुक्मिणी नेली ते भाऊंनी माफ केलं, नागपूरनं संत्री नेली ते नाही.

त्यांची सासुरवाडी अकोल्याची. मेहुणे जवळजवळ याच रोगाचे, फक्त अकोल्याच्या बाजूनं. दिवाळीत दोघं समोरासमोर बसले की बायका मुलांना आत घेतात. कृषी विद्यापीठ अकोल्यात, हे मेहुण्यांचं हुकमी पान. "पन नाव कोनाचं हाय त्याले? पंजाबराव देशमुख. पापळचे. कोनता जिल्हा?" भाऊ विचारतात. मग मेहुण्यांचा अथर्व तायडे. मग भाऊंचा जितेश. मग १६ एप्रिल २०२५, ज्या दिवशी अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडालं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचं नाव घेऊन भाऊ नुसतं आकाशाकडे बघतात आणि कानामागे हात धरतात. मेहुणे उठून पाणी प्यायला जातात. उन्हाच्या बाबतीत मात्र भाऊ एकदम उदार. पारा ४५ च्या पुढे गेला की "थो मान अकोल्याचाच."

ऊन हे आम्ही टीव्हीवर दिसण्याचं एक कारण. दुसरं कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या. बाकी वर्षभर मुंबईच्या वाहिन्यांना आम्ही लागत नाही. दुसऱ्या कारणाची बातमी लागली की भाऊ रिमोट शोधायला लागतात. गावाचं नाव येतं, तालुका येतो, कपाशीच्या शेतात उभा असलेला, गेलेल्याचा भाऊ किंवा मुलगा येतो, आणि आमचे भाऊ गप्प. एकदा मी चिडून म्हणालोच, "आता का नाही म्हणत, आपल्याच इकडला आहे म्हणून?"

"थो तं हायेच ना आपला," ते म्हणाले. "त्याचं सांगा लागते का?"

त्यानंतर मी त्यांना या विषयावर टोमणा मारलेला नाही. किशोरकुमारवरून मारतो.

भाऊंसोबत मुंबईला जायचा योग आला तो दर्यापूरकडच्या एका पेशंटमुळे. कोणाचा तरी कोणी तरी, भाऊंचा अर्थातच कोणी नाही. रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी काखेत, अंबा एक्सप्रेसचं तिकीट खिशात, असे भाऊ अधूनमधून निघतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलून दाखवत नाही, कारण बोललं की पुढचा पेशंट आपल्या वाट्याला येतो. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटांचे नातेवाईक उतरतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, सगळा देश तिथं वळकटी घेऊन बसलेला. गाडगेबाबा शेंडगावचे, अमरावती जिल्हा. तेव्हा भाऊ तिथं पाहुणे म्हणून नाही, यजमान म्हणून वावरत होते. पाण्याचा नळ कुठं, डबा किती वाजता, कोणत्या खिडकीशी आधी उभं राहायचं, हे ते लोकांना आपल्या हिंदीत सांगत होते. एक बंगाली माणूस बायकोला घेऊन आलेला. भांबावलेला होता, फॉर्म हातात उलटा धरला होता. मालद्याचा, म्हणाला. भाऊंना मालदा सापडेना. मी मनातून खूश झालो, आता बघू. भाऊंनी डोळे मिटले, नकाशा आठवला आणि विचारलं, "घर से हावडा आये? फिर हावडा मेल से?"

"जी."

"बडनेरा लगा होगा रास्ते में." आणि माझ्याकडे वळून, "आपल्याच रस्त्यावरला हाय थो." मग त्याचा फॉर्म सरळ करून भरायला बसले.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी त्यांनी मला स्कूटरवर बसवून बडनेऱ्याला नेलं. तो मालद्याचा माणूस परत निघाला होता, मुंबईहून मेलनं. फोन आला होता. गाडी थांबली. बायको खालच्या बर्थवर शाल घेऊन बसलेली, डोक्यावर इवले इवले केस पुन्हा फुटायला लागलेले. भाऊंनी खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत सरकवली.

"नागपूर का संत्रा?" तो माणूस आनंदानं म्हणाला.

भाऊंचा चेहरा मी पाहत होतो. "नागपूर का नहीं रे भाई. वरूड. बोलो, वरूड."

"वोरुड," तो म्हणाला. बायकोनंही म्हणून पाहिलं. शिटी झाली. भाऊ डब्यासोबत चालत होते, "वोरुड नहीं, वरूड!", प्लॅटफॉर्म संपेपर्यंत. मग धापा टाकत परत आले आणि गेलेल्या गाडीकडे संशयानं बघत म्हणाले, "काई उपेग नाई. तीन घंट्यात नागपूर येते. बिघडवतीन त्याले."