कंपनीवाले भाऊ

नागभीडच्या बसस्टँडसमोर पांढरी गाडी उभी असली, नंबर एमएच 12 असला आणि मागच्या काचेतून बियाण्यांच्या पिशव्या, टोप्यांचं बोचकं अन् गेल्या हंगामाचं बॅनर दिसत असलं, की समजावं, कंपनीवाले भाऊ आले. इथं बहुतेक गाड्या 34 नंबरच्या, फार तर शेजारच्या गडचिरोलीची 33. त्यात पुण्याचं पासिंग म्हणजे वजन पडतंच. भाऊ स्वतः तळोधीकडचे. पुण्याला गेले ते नोकरीच्या ट्रेनिंगला, तेवढेच. पण पानटपरीवर ‘आमच्या पुण्याला’ असं म्हणायला तेवढं पुरतं.

भाऊ धानाचं बियाणं विकतात. तेही कुठल्या तालुक्यात? याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडत निवडत नवा धान काढला आणि त्या वेळच्या घड्याळावरून त्याचं ‘एचएमटी’ हे नाव पडलं. इथला शेतकरी कंपनीच्या पिशवीतला दाणा आधी दाताखाली फोडतो, सालपट थुंकतो आणि मग काही न बोलता भाऊंकडे पाहतो. अशा वेळी भाऊ टोपी वाटतात.

गाडीशी भाऊंचं नातं प्रसंगाप्रमाणे बदलतं. लग्नाच्या मांडवापुढे ती ‘आपली’ असते. पंक्चर झाली की ‘कंपनीची’. सासुरवाडीत ती ‘घेतली’ असते आणि मेहुण्यानं दोन दिवसांसाठी मागितली की ‘कंपनी देऊ देत नाही ना जी!’ खरं म्हणजे ती भाऊंचीही नाही अन् कंपनीचीही नाही. ती लीजवर आहे, आरसी बुकावर मुंबईच्या कुठल्याशा फायनान्सवाल्याचं नाव आहे. हे भाऊंना कळलं ते चालान आलं त्या दिवशी.

तुमच्या-आमच्या गाडीचं चालान फाटलं तर मेसेज आपल्याच मोबाइलवर येतो आणि आपण तो मुकाट्यानं बायकोपासून लपवतो. भाऊंचं तसं नाही. मेसेज गेला मुंबईला. तिथून मेल पुण्याच्या ॲडमिनला, ॲडमिनकडून नागपूरच्या रिजनल मॅनेजरला, आणि तिथून भाऊंना. दंड दोन हजारांचा. पण मधे ज्याच्या-ज्याच्या हाती कागद आला, त्यानं त्यावर आपलं एक-एक वाक्य लिहिलं होतं. शेवटचं वाक्य साहेबांचं: ‘प्लीज एक्सप्लेन.’

चालान म्हणजे नुसती रक्कम असती तर भाऊ डगमगले नसते. पण त्यावर वार असतो, वेळ असते, जागा असते, ठरलेला वेग अन् धरलेला वेग असतो, आणि वर फोटो. मंगळवार, दुपारी 2 वाजून 40 मिनिटं, भिवापूरच्या अलीकडे, 70 च्या जागी 89. वेगाचं राहू द्या. त्या मंगळवारी भाऊंच्या रिपोर्टात काय होतं? ‘सिंदेवाही, डीलर भेट, दिवसभर.’ आता नागभीडहून सिंदेवाही एकीकडे आणि भिवापूर दुसरीकडे, हे नागपूरच्या साहेबांना नकाशाशिवाय ठाऊक. लेझरवाल्या इंटरसेप्टरनं मोजला होता वेग, सापडला होता टूर प्लॅन.

भाऊंनी आधी वाघ काढला. इकडच्या माणसाजवळ तो कायमचा शिल्लक असतो. ब्रह्मपुरीचं जंगल वाघांसाठी प्रसिद्ध, घोडाझरी 2018 मध्ये अभयारण्य झालं, भिवापूरच्या पुढे गेलं तर उमरेड-कऱ्हांडला. ‘सर, वाघ आडवा आला, जीव वाचवायला गाडी दाबली,’ असं कळवलं. पुण्याच्या ॲडमिनला पटलंही. तिथून उलट विचारणा आली, वाघाचा फोटो आहे का? फोटो होता, पण तो चालानावर होता आणि त्यात वाघ नव्हता. पुढच्या सीटवर जरीचं लुगडं नेसून, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन भाऊंच्या सासूबाई बसल्या होत्या. साळीचा साखरपुडा होता उमरेडला.

“शेजारी कोण बसलंय?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“प्रगतिशील महिला शेतकरी, सर.”

यात खोटं काही नव्हतं. सासूबाईंची बांधी आहे, त्या धान लावतात आणि जावयाच्या कंपनीचं बियाणं कधीही घेत नाहीत.

मग भाऊ कायद्यावर आले. मोटार वाहन कायद्याचं कलम 183 त्यांना कोणी वकिलानं दाखवलं. वेगानं चालवणारा दोषी, तसाच आपल्या नोकराला तसं चालवायला लावणाराही दोषी. भाऊंनी टपरीवर टेबल ठोकलं. “मले पळवते कोण? टार्गेट! टार्गेट देते कोण? कंपनी! मंग दंड कोणाचा?” चहावाल्यानं गाळणी झटकत विचारलं, “पर भाऊ, उमरेडच्या साखरपुड्याचं टार्गेट कोनं देल्लं व्हतं जी?” यावर भाऊ नागपूरच्या जुन्या छोट्या गाडीबद्दल बोलू लागले. ती नॅरोगेज 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. होती तोवर तिला वेगाचं चालान देण्याची वेळ कोणावर येणं शक्य नव्हतं, हे मात्र भाऊंचं खरं.

कायद्याचा दुसरा अर्धा भाग मुंबईवाल्यांना ठाऊक होता. गाडी कोण चालवत होतं, ते मालकाला विचारलं तर सांगावं लागतं. ते कलम 133. त्यांनी फॉर्म पाठवला आणि चालकाच्या रकान्यात भाऊंचं नाव आधीच छापलेलं होतं. सोबत लीजवाल्यांचा ‘हाताळणी आकार’ वेगळा. वाघापेक्षा त्या आकारानं भाऊ जास्त घाबरले. ‘लोकअदालतीत तडजोड होते,’ असा सल्ला ते चार वर्षं सगळ्यांना देत आले होते. स्वतःवर आली तेव्हा तेवढा वेळ नव्हता, अप्रेझल तोंडावर होतं. त्याच रात्री मोबाइलवरून दंड भरला, पावती साहेबांना पाठवली, खाली लिहिलं, ‘रिग्रेट, सर.’

साहेबांनीही पुढे ताणलं नाही. त्यांची गाडीसुद्धा लीजवरच आहे आणि त्यांची सासुरवाडी अमरावतीला.

परवा भाऊंनी महिन्याचं टीए-डीए बिल भरलं. टपरीवर बसूनच भरलं, म्हणून आम्हाला दिसलं. ‘महिला शेतकरी मेळावा, चहा-नाश्ता’ या सदरात बरोबर दोन हजार रुपये आहेत, आणि उपस्थितांच्या सह्यांत पहिली सही सासूबाईंची.