अळीची नजर आणि माझी

पेटीतल्या आंब्याला हात न लावता तो आतून कसा निघेल हे सांगणारी नजर आमच्या घराण्यात एकट्या माझ्याकडे आहे. चष्मा मी लावत नाही. औषधाच्या बाटलीवर एवढं बारीक छापणाऱ्यांनाच दंड करायला हवा, या मताचा मी आहे. तर मी खास निवडलेल्या हापूसच्या कोयीपाशी अळी वळवळली, तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अहो, हिलाही तुमच्याइतकंच दिसत असेल, नाही?’’

हा अळीचा अपमान झाला. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते. बाहेर उरते ती टोचल्याची बारीकशी खूण. तिच्या नात्यातल्या चिलटांच्या अळीवर शास्त्रज्ञांनी डोळ्यांत तेल घालून काम केलंय: डोक्यात दोन्ही बाजूंना 12-12 प्रकाशपेशी, बस्स. चित्र दिसत नाही. उजेड कुठून येतोय एवढं कळतं आणि बाईसाहेब अंधाराकडे वळतात. 2010 मध्ये असंही कळलं, की या पेशी नष्ट केल्या तरी ती प्रखर उजेड टाळते, कारण तिच्या अंगभर कातडीखाली पसरलेल्या चेतापेशींनाही तो जाणवतो. पाठीनेही बघणारं कुणी, आमच्या गणिताच्या बाईंनंतर मला हेच भेटलं.

आता आपला डोळा. त्याचं मला भारी कौतुक होतं. पण आपल्या दृष्टिपटलात प्रकाशपेशी मागे आणि त्यांचं वायरिंग पुढे! हे वायरिंग मेंदूकडे न्यायचं म्हणून पटलाला भोक. तिथे काही दिसत नाही, तोच अंधबिंदू. कोकणात आपण तळून खातो त्या माकुलांच्या डोळ्यात तारा मागच्या मागे जातात, भोकाची भानगड नाही. म्हणजे सरस बांधणीचा डोळा तव्यावर आणि सदोष डोळा ताट घेऊन रांगेत. फ्रान्सच्या मारियॉतने 1660 च्या दशकात हा बिंदू शोधला आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा म्हणे त्यात दरबाऱ्यांची डोकी गायब करून बघायचा. तुम्हीही बघा. डावा डोळा झाकायचा, उजव्याने समोरच्या एकाच ठिपक्याकडे बघायचं आणि लांबवलेल्या हाताचा अंगठा त्याच्यासमोरून हळूहळू उजवीकडे न्यायचा. वीतभर जायच्या आत त्याचं टोक नाहीसं होतं. सत्यनारायणाला मी असे दोन मेहुणे घालवले. फार प्रसन्न पूजा झाली.

गंमत अशी, की तिथे काळा ठिपका दिसत नाही. आजूबाजूचं रंगरूप घेऊन मेंदू ती जागा बेमालूम भरून टाकतो.

याचाच मला राग आहे. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू मरते, बहुतेकदा न दुखता, आधी कडेची नजर नेत. आणि मेंदू भरतच राहतो. आई चौकटीला धडकायची, उंबऱ्याला अडखळायची आणि हसून म्हणायची, ‘‘मला स्वच्छ दिसतंय रे.’’ ती खोटं बोलत नव्हती. आता तिला उजेड तेवढा कळतो. अळी उजेडाकडे पाठ करते. आई सकाळी खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून बसते आणि ऊन सरकलं की खुर्चीही सरकवते.

तेव्हा चाळिशी उलटली असेल, त्यातून आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. गेलेली नजर परत येत नाही; उरलेली बहुतेकदा औषधाच्या थेंबांनी टिकवता येते. मी मंगळवारची वेळ घेतली आहे. चष्म्याचा नंबर मात्र काढू देणार नाही.