गिंझेकर

गिंझेकरांचं मूळ आडनाव काहीही असू शकतं. कुणी जोशी असतात, कुणी सावंत, कुणी पाठारे. कंपनीच्या कामासाठी सहा दिवस टोकियोला जाऊन आले की त्यांचे गिंझेकर होतात आणि मग मरेपर्यंत गिंझेकरच राहतात. हे गृहस्थ साधारण पन्नाशीचे. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या एखाद्या काचेच्या इमारतीत त्यांची केबिन असते आणि शनिवारी रात्री ते नातलगांना स्वखर्चानं भारी जपानी रेस्टॉरंटात नेतात. यातलं ‘स्वखर्चानं’ महत्त्वाचं, कारण त्यामुळे मधेच ‘पुरे’ म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मुंबईत २००४ साली ताजमहाल हॉटेलात शेफ मासाहारू मोरिमोतोंचं ‘वासाबी’ सुरू झालं, तेव्हापासून शहराला महागड्या जपानी जेवणाची गोडी लागली. गिंझेकर मात्र मुंबईतली सगळी ठिकाणं एका वाक्यात निकालात काढतात. ‘बरं आहे, पण जिरो नाही.’

जिरो म्हणजे टोकियोच्या गिंझा भागातलं ‘सुकियाबाशी जिरो’. तळघरातलं, जेमतेम दहा खुर्च्यांचं. २००७ साली त्याला मिशलीनचे तीन तारे मिळाले, २०११ च्या माहितीपटानं नाव जगभर गेलं आणि २०१४ साली शिंझो आबेंनी बराक ओबामांना जेवायला तिथेच नेलं. २०१९ मध्ये मिशलीननं त्याला यादीतून वगळलं. चव बिघडली म्हणून नव्हे, तर सर्वसामान्य माणसाला तिथे जागाच मिळत नाही म्हणून. गिंझेकर हे सारं तारीखवार सांगतात. ‘मग तुम्हाला कशी मिळाली?’ असं कुणी विचारलं की पाणी पितात. मुलीनं बाबांच्या मोबाइलमधले फोटो पाहिले आहेत. त्यात सरकत्या पट्ट्यावरच्या रंगीबेरंगी बशा आहेत आणि सेव्हन-इलेव्हनमधलं अंड्याचं सँडविच आहे.

खरं म्हणजे सरकत्या पट्ट्यात लाजण्यासारखं काही नाही. १९५८ साली योशिआकी शिराइशींनी ओसाकात असं पहिलं दुकान काढलं. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून त्यांना ही युक्ती सुचली होती. आणि आज मिळते तशी भातावर मासा ठेवलेली सुशी मुळात गाडीवरचंच खाणं. एकोणिसाव्या शतकात एदोचे, म्हणजे जुन्या टोकियोचे लोक रस्त्यात उभ्या उभ्या दोन घास तोंडात टाकून कामाला पळायचे. पण गाडीवरच्या खाण्याचं पाच आकडी बिल भरायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून गिंझेकर हा अध्याय गाळतात.

रेस्टॉरंटचं दार उघडताच आतले सगळे एका सुरात ‘इराश्शाइमासे!’ म्हणून ओरडतात. या स्वागताला गिऱ्हाइकानं उत्तर द्यायचं नसतं. गिंझेकर देतात. कमरेत वाकून देतात. मागून दुसरं कुटुंब येतं, पुन्हा आरोळी उठते, गिंझेकर पुन्हा वाकतात. शनिवार असल्यामुळे दार सारखं उघडत असतं.

मेन्यूकार्ड ते उघडत नाहीत. ‘ओमाकासे,’ एवढंच म्हणतात. म्हणजे शेफच्या मनाला येईल ते. वेटर अदबीनं विचारतो, ‘सर, टेबलवर कुणी व्हेज? जैन?’ मुंबईत हे विचारावंच लागतं. मेहुणी शाकाहारी, शेजारचे शहा जैन. शेफच्या मनातून आधी मासा जातो, मग कांदा-लसूण, मग मुळा आणि आलं. उरतो तो अव्होकाडो, आणि शहा तो रात्रभर निमूटपणे खातात.

मेहुणीचं मिसो सूप निम्मं संपल्यावर गिंझेकर माहिती पुरवतात की या सुपाच्या मुळाशी असते ‘दाशी’, आणि दाशी होते वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाची. मेहुणीचा वाडगा हवेतच थांबतो. वेटर धावत येतो आणि हात जोडून सांगतो की व्हेज सुपाची दाशी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूम यांची आहे. ‘मग ती ऑथेंटिक नाही,’ गिंझेकर निकाल देतात. जपानच्या बौद्ध मठांतले स्वयंपाकी शेकडो वर्षं मासळीशिवाय दाशी करत आले आहेत, पण कंपनीच्या सहा दिवसांत मठ बसले नव्हते.

मग वासाबी. बहुतेक ठिकाणी बशीत जो हिरवा गोळा येतो, तो हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचा असतो. खरी वासाबी थंड वाहत्या पाण्यात वाढते, शार्कच्या कातड्याच्या किसणीवर आयत्या वेळी किसतात, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा झणका उतरतो. हे सगळं अगदी खरं आहे. गिंझेकर सांगतात ते बहुतेक खरंच असतं, पंचाईत तीच आहे. आज योगायोगानं टेबलावरची वासाबीही खरी असते. तिच्यावरचं विवेचन पंचवीस मिनिटं चालतं.

पाठोपाठ चॉपस्टिक्स. भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात तिकडे मृतासमोर ठेवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, तिकडे दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पहिला घास पोटात जायच्या आत टेबलावर एक अंत्यविधी पार पडतो. सुशी सोयामध्ये बुडवताना माशाची बाजू बुडवायची, भाताची नाही, हे सांगता सांगता गिंझेकरांची सुशी काड्यांतून निसटते आणि भाताच्या बाजूनंच सोयात बसते. ‘सुशी हातानं खाल्लेलीसुद्धा चालते,’ ते लगेच जाहीर करतात. हाही नियम खराच आहे.

सासूबाई इतका वेळ गप्प असतात. त्या मालवणच्या, लग्नानंतर गिरगावात आलेल्या. बाजारात माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय त्यांनी कधी पिशवी उघडलेली नाही. ट्यूनाचा लालभडक तुकडा त्या दिव्याखाली धरतात.

‘जावयबापू, ह्यो मासो बर्फातलो मां?’

मत्स्याहारी मराठी घरात माशाचा याहून मोठा अपमान नाही. गिंझेकर सरसावतात. सुशीचा ट्यूना भर समुद्रात बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. शिवाय कच्च्या माशातले परजीवी मरायला हवेत. त्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं उणे २० अंशांत सात दिवस किंवा उणे ३५ अंशांत पंधरा तास असं प्रमाणच घालून दिलंय. सासूबाई शेवटपर्यंत नीट ऐकून घेतात.

‘म्हणजे बर्फातलोच.’

गिंझेकर शेवटचा आकडा काढतात. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एकच ब्लूफिन ट्यूना लिलावात गेला ३३ कोटी ३६ लाख येनला! ट्यूना म्हणजे आपल्या कुप्याचाच भाऊबंद, असं मुलगी आजीच्या कानात सांगते. ज्या घरात पापलेट आणि सुरमई पंगतीला बसतात, तिथे कुपा उंबऱ्यातच थांबतो.

‘कुप्याक?’ सासूबाई एवढंच म्हणतात.

कोळंबीचा तेंपुरा येतो. त्या एक तुकडा मोडून बघतात, ‘भजी बरी केली आहेत’ म्हणतात आणि गिंझेकरांच्या चेहऱ्यावर कळ उमटते. पण इतिहास सासूबाईंपासून फार लांब नाही. पिठात बुडवून तळायची ही तऱ्हा जपानला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून मिळाली, आणि त्या पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी होती गोवा. १५४९ साली जपानात उतरलेले फ्रान्सिस झेवियर आज जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये विसावले आहेत. मालवणहून तिथे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

तेवढ्यात काउंटरमागचा शेफ सासूबाईंच्या नजरेस पडतो. त्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहतात.

‘बाबा, इसका मुंडी किधर गया?’

गिंझेकर डोळे मिटून घेतात. शेफ गढवालचा, संध्याकाळपासून गिंझेकर त्याच्याशी जपानीत बोलत असल्यामुळे बिचारा अवघडून गेलेला. तो पहिल्यांदाच मोकळा हसतो. ‘माताजी, पाच मिनट.’ आणि आतून येतो मिठावर भाजलेला हामाचीचा ‘कामा’: कल्ल्यामागचा, परालगतचा, चरबीनं चकाकणारा तुकडा. मेन्यूवर तो नाही. ओमाकासेतही आलेला नाही. सासूबाई बाही सारतात आणि हाडाहाडातलं मांस बोटांनी असं काढतात की शेफ सुरी खाली ठेवून बघत राहतो. मुलगी हात घालते, जावई हात घालतो. शहा अव्होकाडो खातात.

बिल येतं. त्यात सर्व्हिस चार्ज असतोच, आणि गिंझेकर वर आठवण करून देतात की जपानात टीप देणं रीतीला धरून नाही. सासूबाई कमरेची पिशवी सोडून दोनशेची नोट शेफच्या मुठीत कोंबतात. ‘बच्चा लोग को खाऊ.’

पुढच्या शनिवारी टेबलावर दुसरे नातलग असतात. गिंझेकर मेन्यूकार्ड बाजूला सारून ‘ओमाकासे’ म्हणतात, जिरोपासून सुरुवात करतात आणि वासाबीच्या आधी एक नवा परिच्छेद घालतात. ‘कामा न मागवता जो उठला, त्यानं जपानी जेवण खाल्लंच नाही. मेन्यूवर नसतो, मागावा लागतो. मला हे गिंझ्यात एका वयस्कर बाईंनी शिकवलं.’