दोनशे मेगापिक्सेल, पण कार्पेट किती?

फोटोसाठी नवा फोन घ्यायचा ठरला, की घराघरात एक चौकशी समिती बसते. अध्यक्षपदी बारावीतला भाचा, तज्ज्ञ सदस्य म्हणून यूट्यूबवरचे दोन समीक्षक, आणि खजिनदार म्हणून ज्यांच्या कार्डावर हप्ते बसणार ते गृहस्थ. समितीपुढे पुरावा एकच येतो : मेगापिक्सेल. पन्नासपेक्षा एकशे आठ मोठे, एकशे आठपेक्षा दोनशे मोठे, एवढं गणित पहिलीतल्या पोरालाही येतं, त्यामुळे निकाल एकमताने लागतो. या निकालावर माझा आक्षेप एवढाच, की ज्या आकड्यासाठी आपण फोन घेतो, तो आकडा खुद्द फोनच मानत नाही. दोनशे मेगापिक्सेलचा फोन खोक्यातून काढा आणि कोणत्याही सेटिंगला हात न लावता पहिला फोटो काढा. तो बारा-साडेबारा मेगापिक्सेलचा निघेल. उरलेले एकशे सत्त्याऐंशी गेले कुठे म्हणून ग्राहक मंचात जाल, तर तिथेही कंपनीच जिंकेल. कारण ते गेलेले नाहीत, त्यांना एकत्र नांदायला लावलंय.

हे प्रकरण मुंबई-पुण्यात फ्लॅट शोधलेल्या माणसाला चटकन कळेल. सेन्सर म्हणजे प्लॉट आणि पिक्सेल म्हणजे त्यावरचे फ्लॅट. २०२३ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्राचा प्लॉट जेमतेम करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यावर वीस कोटी फ्लॅट. एका फ्लॅटची रुंदी ०.६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शंभरएक बसतील. फोटो म्हणजे शेवटी उजेडाची जमा रक्कम, आणि इतक्या चिंचोळ्या खोलीत उजेड येणार तो किती? कमी उजेड म्हणजे फोटोत रवाळ कचरा. तेव्हा फोन शहाणपणा करतो : मधल्या भिंती पाडतो आणि शेजारच्या सोळा पिक्सेलांचा मिळून २.४ मायक्रॉनचा एक ऐसपैस पिक्सेल करतो. यात फसवणूक नाही, अभियांत्रिकी चांगलीच आहे. गंमत आहे ती विक्रीची. विकताना सुपर बिल्टअप, राहायला गेल्यावर कार्पेट. बरं, प्लॉटची मोजणी तरी सरळ असावी? तीही नाही. ज्याला 'एक इंची सेन्सर' म्हणतात, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. लांबीने मोजा, रुंदीने मोजा, कर्णाने मोजा, इंच काही भरत नाही. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. नळी केव्हाच गेली, इंच मात्र सातबाऱ्यावर अजून चढलेला आहे.

आकडा वाढल्याशिवाय फोटो सुधारत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी इतिहासात पुरेसे दाखले आहेत. २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२१ च्या आयफोन १३पर्यंत ॲपलचा मुख्य मागचा कॅमेरा बारा मेगापिक्सेलवर ठाण मांडून होता. या काळात सेन्सर वाढला, हाताची थरथर सावरायची सोय सुधारली, रात्रीचे फोटो निघू लागले. आकडा तसूभरही हलला नाही, आणि फोन विकले गेले नाहीत असंही झालं नाही. गूगलने तर २०१८ मध्ये 'नाइट साइट' आणलं आणि ते २०१६ च्या पहिल्या पिक्सेल फोनलाही दिलं. म्हणजे दोन वर्षं वापरलेल्या फोनला अपडेटनंतर अंधारात दिसायला लागलं. काच तीच, सेन्सर तोच. बदलला तो फक्त आतला हिशेब. लागोपाठ अनेक फ्रेम घ्यायच्या, एकावर एक नीट बसवायच्या आणि सरासरीने कचरा काढून टाकायचा, असा तो हिशेब. उलट बाजूचा दाखला नोकिया ८०८ चा. २०१२ मध्ये त्यात ४१ मेगापिक्सेल होते, आणि नेहमीच्या वापरात तो फोन फोटो द्यायचा पाच मेगापिक्सेलचा. थोडक्यात, मोठा आकडा सांगून छोटा फोटो हातात ठेवण्याची युक्ती दशकभराहून जुनी आहे. नवीन आहे तो फक्त आपला उत्साह.

आता या फोटोचं पुढे होतं काय, तेही पाहू. पोस्टकार्डाएवढा, चार बाय सहा इंचांचा छापील फोटो इंचाला तीनशे ठिपके या उत्तम दर्जाने काढायला दोन मेगापिक्सेलांहून थोडे अधिक लागतात. फुल एचडी टीव्हीचा अख्खा पडदा भरायलाही दोनच पुरतात, फोर-के टीव्हीला आठ. पण छापतो कोण आणि टीव्हीवर लावतो कोण? आपला फोटो जन्मतो तोच 'जाधव परिवार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाण्यासाठी, आणि तिथे नेहमीच्या पाठवणीत दाबून दाबून त्याचे दोनेक मेगापिक्सेल उरतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'एचडी'ची सोय आली, पण ते बटण शोधून दाबणारा काका अजून जन्माला यायचाय. याच्याशेजारी एक वस्तुस्थिती ठेवतो. नासाची क्युरिऑसिटी गाडी २०१२ मध्ये मंगळावर उतरली आणि तिथल्या डोंगरांचे, दगडांच्या थरांचे फोटो पाठवू लागली. तिच्या मास्टवरचे मुख्य कॅमेरे दोन मेगापिक्सेलचे आहेत. शास्त्रज्ञांना त्यातून प्राचीन पाण्याच्या खुणा वाचता आल्या. दोनशे मेगापिक्सेल लागतात ते आपल्याला, हळदीकुंकवाच्या वाटीत हरभरे नीट दिसावेत म्हणून.

यावर पहिला आक्षेप येतो तो कातरणवाल्यांचा. पिक्सेल जास्त असले तर नंतर हवा तेवढा भाग कापून घेता येतो, हे म्हणणं खरं आहे. कासच्या पठारावर भर उन्हात पूर्ण दोनशे मेगापिक्सेलवर फोटो काढला, तर त्यातून एक फूल वेगळं काढण्यात अर्थ आहे. पण त्यासाठी तो मोड आठवणीने लावावा लागतो, हात स्थिर लागतो, ऊन लागतं. आणि मग एकेक फाइल तीस-चाळीस एमबीच्या घरात जाते. त्यानंतर 'स्टोरेज फुल'ची सूचना येते आणि सगळ्यात आधी उडवले जातात ते फोटोच. दुसरा आक्षेप भावी नगरसेवकांचा : वाढदिवसाचा फ्लेक्स वीस फुटी असतो, त्याला मोठा फोटो नको? हिशेब करू. बारा मेगापिक्सेलचा फोटो आडवा चार हजार पिक्सेलचा. वीस फुटांवर ताणला तर इंचाला सोळा-सतरा येतात. जवळ जाऊन नाक लावलं तर चौकोन दिसतील. पण रस्त्यापलीकडून, दहा मीटरवरून, माणसाच्या डोळ्याला यापेक्षा बारीक दिसतच नाही. शिवाय फ्लेक्सवर उत्सवमूर्ती एकटी कुठे असते? वर साहेब, बाजूला दादा, खाली तिकिटाएवढे पन्नास शुभेच्छुक. प्रत्येकाच्या वाट्याला येतात ते मेगापिक्सेल पक्ष ठरवतो, फोन नव्हे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो आहे झूमचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पंचविसाव्या रांगेतल्या पालकाला आपलं झाड झालेलं बाळ ओळखू यावं, ही मागणी रास्तच. पण तिथेही आकड्यानेच घात केलाय. २०२० च्या गॅलेक्सी एस२० अल्ट्रावर 'शंभरपट' झूम मिरवत होता. त्याच्या दूरच्या भिंगाची खरी, काचेची ताकद होती चौपट. उरलेलं अंतर कातरून, ताणून आणि अंदाजाने भरून काढायचं. आणि अंदाज किती आत्मविश्वासाने बांधला जातो, ते मार्च २०२३ मध्ये दिसलं. एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो १७० बाय १७० पिक्सेलांपर्यंत लहान केला, वर मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात विवरांचा पत्ता नव्हता. फोनच्या फोटोत विवरं हजर. कंपनीने स्पष्टीकरण दिलं, की चंद्र ओळखून तपशील उठावदार करणारी प्रणाली आत आहे. म्हणजे यापुढे कोजागिरीला ढग आले तरी हरकत नाही. चंद्र फोनमध्ये आहेच, दूध तेवढं आटवा. तेव्हा झूम हवाच असेल तर 'किती पट' विचारू नका, 'ऑप्टिकल किती पट' विचारा. तीनपट किंवा पाचपट असं साधं उत्तर आलं, तर गॅदरिंगचं काम भागलं. उत्तराऐवजी चंद्राचा व्हिडिओ दाखवला, तर दुकान बदला.

'पण जाहिरातीतले फोटो किती सुंदर असतात!' हा आक्षेपापेक्षा उसासा जास्त आहे. त्याला उत्तर सप्टेंबर २०१२ चं. नोकियाने ल्युमिया ९२० च्या व्हिडिओत सायकल चालवणारी एक तरुणी दाखवली, जणू शेजारच्या सायकलवरून तिचा मित्र फोनवर टिपतोय आणि फोन सगळे हिसके पोटात घालतोय. लोकांनी व्हिडिओ थांबवून पाहिला, तर मागच्या खिडकीच्या काचेत प्रतिबिंब दिसत होतं : एक पांढरी व्हॅन, आणि तिच्यात मोठा कॅमेरा घेऊन बसलेला माणूस. कंपनीने माफी मागितली. यातला विनोद असा, की थरथर सावरणारी सोय त्या फोनमध्ये खरोखरच होती. खरा माल असतानाही खोटा नमुना दाखवावासा वाटणं, ही या धंद्याची प्रकृतीच आहे. गुण देणाऱ्या संस्थांचाही आधार बेताचाच. डीएक्सओमार्कच्या गुणांना वरची मर्यादा नाही, त्यामुळे २०१८ मध्ये हुवावेच्या पी२० प्रोला १०९ गुण मिळाले. कशापैकी, ते विचारायचं नसतं.

मग निवडायचं कशावरून? आकडा सोडला तर हातात उरतात त्या गोष्टी मोजायला कठीण आणि पाहायला अगदी सोप्या. मोबाइलच्या दुकानात छताला इतके दिवे असतात, की तिथे शेंगदाण्याचाही फोटो चांगला येईल. म्हणून फोन घेऊन दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा, जिथे रिकामी खोकी रचलेली असतात, आणि तिथून चालत जाणाऱ्या पोऱ्याचा फोटो काढा. पोऱ्याला पोऱ्याचाच चेहरा असेल तर फोन विचारात घ्या. धुराचा लोट दिसला, तर गणपतीच्या आरतीत तुमच्या घरच्यांचंही तेच होणार. फ्रेम रचून अंधार उजळणारी युक्ती देवळासाठी उत्तम, धावत्या पोरासाठी नव्हे. मग दोन वेगवेगळ्या रंगाच्या माणसांना शेजारी उभं करा. सावळ्या माणसाला फोनने परस्पर गोरं केलं, तर तो कॅमेरा नसून वधू-वर सूचक मंडळ आहे. गूगलनेही २०२० मध्ये चेहरा गुळगुळीत करण्याची सोय आपल्या नव्या फोनांत आपोआप चालू न ठेवण्याचं ठरवलं आणि २०२१ पासून सावळ्या रंगाच्या अचूकतेवर काम झाल्याचं मिरवलं; म्हणजे दुखणं होतं, हे वैद्यानेच कबूल केलं. तिसरी तपासणी मागच्या डोळ्यांची. स्वस्त फोनला चार डोळे असले, तरी त्यांतले 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' हे बहुधा दोन-दोन मेगापिक्सेलचे, केवळ पंगतीला पानं भरायला बसवलेले पाहुणे. चारापेक्षा दोन धड बरे. आणि शेवटची सुधारणा फुकटातली : भिंगावरचा बोटांचा तेलकट थर रुमालाने पुसा. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फोनमधला निम्मा फरक तिथेच निघून येतो.

एवढं सगळं समितीला पटलं, तरी ती दोनशेचाच फोन घेईल, याची मला खात्री आहे. आणि त्यामागचं तर्कशास्त्रही मला कळतं. चांगला फोटो शेजाऱ्याला दाखवावा लागतो, त्याने तो बघावा लागतो, आणि बघून मान्य करावा लागतो. एवढ्या तीन पायऱ्या कोण चढणार? आकडा नुसता सांगितला की काम झालं. कंपन्यांना हे आपल्याआधी कळलं, म्हणून त्या फोटो सुधारण्याचं श्रेय गणिताला न देता आकड्याला देतात. गणित खोक्यावर छापता येत नाही. तेव्हा ज्यांना फोटो हवेत त्यांनी अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन यावं. ज्यांना आकडा हवा, त्यांनी खुशाल आकडा घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त अठरा महिन्यांचा हप्ता भरताना 'फोटोची आवड आहे हो' असं कारण सांगू नये.