फॉरेन सुनेचे सासरे

पूर्वी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत 'मुलगा अमेरिकेत' हा एक हुद्दा होता. तो असलेल्या माणसाला लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवत. आता एका गल्लीत असे चार निघतात, त्यामुळे त्या हुद्द्याचा भाव उतरला. सध्या मान आहे तो फॉरेन सुनेच्या सासऱ्यांना. हा माणूस गर्दीतही ओळखू येतो. मिल कॉर्नरला पोलीस आयुक्तालयाच्या फाटकातून भर दुपारी एक गृहस्थ आत शिरतात. बगलेत जाड फाईल, खिशात दोन रंगांची पेनं. बंदोबस्तावरच्या शिपायाला ते "काय म्हणायलात, जेवण झालं का?" असं विचारतात. तक्रार घेऊन आलेला माणूस इतका आनंदी नसतो. हे गृहस्थ 'परदेशी नागरिक' कक्षात चाललेले असतात.

सोयीसाठी आपण त्यांना अण्णा म्हणू. अण्णा पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले असतात. हयातभर त्यांनी लोकांना 'एक कागद कमी आहे' असं सांगितलेलं असतं. निवृत्तीनंतर सांगायला कुणी उरत नाही, म्हणून ते ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव होतात. तिथला पत्रव्यवहार ते इतका वाढवतात, की संघ घाबरून त्यांना अध्यक्ष करतो. अध्यक्षाला फक्त सही असते. अण्णांच्या आयुष्यातला हा सर्वांत उदास काळ.

अशात मुलगा घरी येऊन सांगतो, मी लग्न ठरवलं आहे आणि मुलगी चेक आहे.

यात आपल्या गावाचा इतिहास आहे. शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा कारखाना आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की इथं फक्त मोटारी येणार. पण इथली पोरं प्रशिक्षणाला म्लादा बोलेस्लावला जाणार, आणि तिथं प्रशिक्षण संध्याकाळी संपतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, बातमी ऐकून एकच विचारलं, "तिला पोहे आवडतात का?" अण्णांनी मात्र विशेष विवाह कायदा, १९५४ विकत आणला.

तो त्यांनी आणला होता लग्न मोडण्यासाठी. त्या कायद्यात नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस लागते आणि त्या मुदतीत कुणालाही हरकत घेता येते, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं. हरकत घेणं हा तर त्यांचा धंदाच. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून पुस्तक आणून, लाल पेनाने रेघा मारत, अण्णा कलम चारपर्यंत पोचले आणि तिथं अडकले. हरकतीची कारणं तिथं ठरवून दिलेली आहेत. पहिली बायको किंवा नवरा हयात असणं, संमती देण्याइतकं डोकं ठिकाणावर नसणं, मुलगा २१ आणि मुलगी १८ पेक्षा लहान असणं, निषिद्ध नात्यातलं असणं. 'मुलीचं गोत्र कळत नाही' हे कारण नाही. 'लोक काय म्हणतील' याला तर पोटकलमसुद्धा नाही. डोकं ठिकाणावर नसण्याच्या मुद्द्यावर अण्णांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं, पण पुरावा कमी पडला.

मग ते पुढं वाचत गेले आणि कलम १९ लागलं. एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलाने या कायद्याखाली लग्न केलं, की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं मानतात. पुढं एकवीस-अ मध्ये सूट आहे, पण ती नवरा-बायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर. गेला आठवडाभर अण्णा रागाच्या भरात मुलाला "माझ्या घरातून वेगळा हो" म्हणत होते. ते काम संसदेने १९५४ सालीच करून ठेवलेलं होतं, आणि तेही अण्णांना न विचारता. अण्णा भडकले. माझ्या पोराला वेगळं काढणारे हे कोण? त्या रात्री ते पक्ष बदलून मुलाच्या बाजूला आले. सकाळी त्यांनी कोरी फाईल काढली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'विषय – सून'.

आता त्यांना रान मोकळं होतं. एका लग्नात किती कागद असू शकतात हे आपल्यासारख्यांना कळत नाही, कारण आपण पत्रिका छापतो आणि जेवणाचं बघतो. मुलगी अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला, त्याचं भाषांतर, त्यावर अपोस्टील. अपोस्टील म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा म्हणून लावायचं शासकीय लेबल. भारत ही पद्धत २००५ पासून मानतो. अण्णांना हे लेबल इतकं आवडलं, की व्याह्यांकडून आलेलं दिवाळीचं भेटकार्डही त्यांनी आधी उलटं करून पाहिलं.

अडचणी आल्या, पण त्या अण्णांच्या आवडीच्या होत्या. चेक रिवाजात बापाच्या आडनावाला मुलीकडे 'ओव्हा' लागतं. म्हणजे जन्मदाखल्यावर बाप-लेकीची आडनावं वेगळी. अण्णांनी यावर दोन पानी टिपण तयार केलं, त्यात 'जोशी-जोशीण' हे उदाहरण घातलं आणि ते खिडकीतल्या लिपिकाला वाचून दाखवलं. लिपिकाने काही विचारलंच नव्हतं. अण्णांचं म्हणणं, विचारायच्या आत उत्तर दिलं की फाईल फिरत नाही.

गावाच्या नावाचा प्रश्न मात्र खरा होता. मुलाचा जन्मदाखला औरंगाबादचा, शाळेचा दाखला औरंगाबादचा, आणि विवाह नोंद होणार छत्रपती संभाजीनगरला. हाच कागद पुढं ब्रनो शहरात जायचा, कारण चेक नागरिकांनी परदेशी केलेली लग्नं तिथल्या खास नोंदवहीत नोंदतात. आता त्या ब्रनोच्या बाईंना कसं कळणार, की मुलगा गाव सोडून कुठंच गेलेला नाही, गावच नवं नाव घेऊन जागच्या जागी बसलं आहे? अण्णांनी २०२३ च्या अधिसूचनेची प्रत, तिचं इंग्रजी आणि चेक भाषांतर आणि वर एक नकाशा जोडला. उच्च न्यायालयाचं खंडपीठ अजून औरंगाबादच्याच नावाने चालतं, ही तळटीप देण्याचा मोह त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला.

नोटीस लागली. अण्णा रोज साडेदहाला फलकासमोर हजर. कुणी येऊन हरकत घेतो का हे पाहायला. महिन्यापूर्वी गावात एकच हरकतदार होता आणि तो आता पहाऱ्यावर उभा होता. नोटीस वाचायला कुणी थांबलं, की हे विचारत, "आपलं काय काम होतं?" बिचारे लोक स्वतःच्या खरेदीखतासाठी आलेले असत. विवाहाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. पहिली सही अण्णांची. चाळीस वर्षांच्या नोकरीत जे कधी घडलं नव्हतं ते तेव्हा घडलं. सहीखाली तारीख घालायचं राहिलं, आणि लिपिकाने ते लक्षात आणून दिल्यावर अण्णा चष्मा पुसायला बाहेर गेले.

त्यानंतर आठवड्याने मंगल कार्यालयात मंगलाष्टकं झाली, आहेर झाले, सातारा परिसरातल्या खंडोबाला जाऊन झालं. अण्णांच्या लेखी हा मनोरंजनाचा कार्यक्रम. मुलगी हिंदू नसल्यामुळे हिंदू विवाह कायदा इथं लागत नाही, तेव्हा अक्षता पडल्या काय आणि न पडल्या काय, असं ते पंगतीत सांगत फिरत होते.

सून टुरिस्ट व्हिसावर आलेली. तो आता भारतीयाच्या पत्नीला मिळतो त्या एन्ट्री व्हिसात बदलायचा. हे अर्ज २०१८ पासून ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणीच्या संकेतस्थळावर, घरी बसून संगणकावर करता येतात. अण्णांना घरी बसून होणारं काम हे काम वाटत नाही. ते अर्ज संगणकावर भरत आणि मग तो पोचला का हे बघायला मिल कॉर्नरला जात. तेव्हा परदेशी पाहुणा घरी उतरला, की चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची वर्दी देणारा सी-फॉर्म भरावा लागे. लॉजवाल्यांना हे पाठ असे, घरच्या लोकांना ठाऊक नसे. अण्णांनी स्वतःच्या सुनेचा, स्वतःच्या घरातला सी-फॉर्म भरून 'यजमान' म्हणून नाव घातलं. ती जालन्याला मावससासूकडे हळदी-कुंकवाला गेली आणि उशीर झाला म्हणून राहिली, तर रात्री अकराला अण्णांचा मावशींना फोन. "सी-फॉर्म भरला का?" मावशी म्हणाल्या, "हौ, वाण दिलं, ओटी भरली, आता काय राहिलंय?"

पोलिसांची घरी चौकशी होते. लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का, एवढंच बघायचं असतं. अण्णांनी लग्नाचे अल्बम, जोडीच्या सिनेमाच्या तिकिटांच्या झेरॉक्स आणि दोघांच्या भांडणाची एक दिनांकवार नोंदही तयार ठेवली होती, कारण खोट्या लग्नात कुणी भांडत नाही असा त्यांचा अनुभव. ती दाखवायची वेळ आली नाही. शेजारच्या काकूंनी जबाबात इतकी माहिती दिली, की हवालदारांना मधेच थांबवावं लागलं.

सुनेचं मराठी या फाईलवरच पोसलं. तिचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "मूळ प्रत आणली का?" नवरा भाजी घेऊन आला तेव्हा ती हे म्हणाली. माईंना ती 'आई' म्हणते, अण्णांना चिठ्ठी लिहिताना 'महोदय' लिहिते.

एकच ठिकाण आहे जिथं अण्णा हरले. लग्नानंतर सगळे घृष्णेश्वराला गेले, तिथून वेरूळच्या लेण्यांत. तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. अण्णांनी विवाह प्रमाणपत्र पुढं केलं. खिडकीतल्याने नम्रपणे सांगितलं, "काका, सून तुमची आहे, पासपोर्ट त्यांचा आहे." त्या दिवसापासून अण्णांच्या आयुष्याला ध्येय मिळालं. भारतीय नागरिकाशी नोंदणीकृत विवाह होऊन सलग दोन वर्षं टिकला, की परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी अर्ज करता येतो. मग व्हिसा नको, नोंदणी नको, आणि २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे स्मारकांचं तिकीट भारतीयांच्याच दराने. मतदान मात्र नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. त्यावर माईंनी लगेच विचारलं, "आहे ती तरी कोण कसायलंय?" नागरिकत्व हवं असेल तर सात वर्षं राहावं लागतं. अण्णा इथं गेल ऑमवेट यांचं नाव घेतात. अमेरिकेत जन्म, भारत पाटणकरांशी लग्न, कासेगावात संसार, १९८३ साली भारतीय नागरिकत्व. समोरचा तरीही दबला नाही, तर परमवीरचक्राची रचना एका खानोलकरांच्या स्विस पत्नीने, सावित्रीबाई खानोलकरांनी केली, हे ते काढतात. त्यावर कुणाचंच काही चालत नाही.

मध्यंतरी त्यांना एक धक्का बसला. १ सप्टेंबर २०२५ ला परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा अमलात आला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० चे चार जुने कायदे एकदम गेले. अण्णांना ते चारही पाठ होते. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नव्या कायद्याची प्रत आणून त्यांनी पहिल्या पानाला लाल रेघ मारली.

आता कॉलनीत त्यांना 'व्हिसाअण्णा' म्हणतात. कुणाची पुतणी ब्राझीलच्या पोराशी, कुणाचा भाचा पोलंडच्या मुलीशी. सगळे आधी अण्णांकडे. पैसे घेत नाहीत. मुलीचे आईबाप विरोधात असतील तर त्यांना कलम चार वाचायला देतात आणि कलम एकोणीसला खूण घालून ठेवतात.

सुनेचं ओसीआय कार्ड आलं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत. वेरूळला नेऊन ४० रुपयांचं तिकीट काढलं आणि ते फाईलला लावलं. आधी ते मंगळवारी गेले होते, लेणी बंद. तो दोष ते अजून मुलावर ढकलतात.

तुमच्या घरी असं लग्न ठरत असेल, तर अण्णांकडे जरूर जा. पाचनंतर जा, दुपारी ते मिल कॉर्नरला असतात. मूळ कागद सोबत ठेवा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि त्यांवर घरूनच सह्या करून न्या. नाही नेल्या, तर एक कागद कमी आहे म्हणून ते तुम्हाला परत पाठवतील.